स्क्रीनवरून हरवलेलं शेत

वाशिमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर अनसिंग लागतं. चहूकडे सोयाबीन-तुरीचं शिवार. शिवार म्हटलं की धुरा आलाच. बाकी महाराष्ट्र ज्याला बांध म्हणतो, त्याला वऱ्हाडात धुरा म्हणतात. हा धुरा फूटभर सरकला तरी दोन घरांचं बोलणं बंद होतं आणि प्रकरण भूमी अभिलेख कार्यालयात जातं. तिथून भूकरमापक येतो. पूर्वी तो साखळी आणि फलकयंत्र घेऊन यायचा, मग इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन आलं, आणि आता बहुतेक ठिकाणी काठीवर बसवलेला रोव्हर असतो. आकाशातल्या उपग्रहांकडून आणि राज्यात उभारलेल्या ७७ कॉर्स (म्हणजे सतत चालू असणाऱ्या संदर्भ) केंद्रांकडून संदेश घेऊन तो धुऱ्याच्या प्रत्येक कोपऱ्याची जागा काही सेंटिमीटरच्या फरकाने सांगतो.

पुढचं काम संगणकावर होतं आणि अडचणही तिथेच सुरू होते.

समजा, अनसिंगच्या शिवारातल्या एका गटाची अशी मोजणी झाली. रोव्हरमधले बिंदू आरेखकाने ऑटोकॅडमध्ये आणले. नकाशा कुठे आहे ते पाहण्यासाठी त्याने शिकवल्याप्रमाणे झेड, एंटर, ई, एंटर असं दाबलं. म्हणजे 'जे काही काढलेलं आहे ते सगळं एकदम दाखव.' स्क्रीन काळीच राहिली. माउसचं चाक फिरवलं, काही नाही. फाईल बंद करून पुन्हा उघडली, तेच. मग खापर मशीनवर फुटतं: रॅम कमी पडते, ग्राफिक्स कार्ड गेलं, फाईल करप्ट झाली. कधी कधी संगणक फॉरमॅटही होतो, आणि तरीही शेत काही दिसत नाही.

शेत तिथेच असतं. ते दिसत का नाही, हे कळायला आधी या नकाशाचा शून्य कुठे आहे ते बघावं लागतं.

समुद्रात पडलेला शून्य

नववीच्या पुस्तकातली निर्देशक भूमिती आठवावी. आलेख कागदावर दोन अक्ष, ते छेदतात तिथे आरंभबिंदू, आणि कुठलाही बिंदू सांगायचा तर दोन आकडे. कॅडची फाईल हा असाच एक आलेख कागद आहे, फक्त त्याला कडा नाहीत. रोव्हर जे दोन आकडे देतो त्यांना मोजणीदार ईस्टिंग आणि नॉर्दिंग म्हणतात. हे आकडे बहुधा यूटीएम, म्हणजे युनिव्हर्सल ट्रान्सव्हर्स मर्केटर, या पद्धतीतले असतात.

या पद्धतीत पृथ्वीच्या सहा-सहा अंशांच्या ६० उभ्या पट्ट्या केलेल्या आहेत. ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांमधली पट्टी ही ४३ क्रमांकाची, आणि वाशिम जिल्हा तिच्यात येतो. उत्तरेकडचं अंतर विषुववृत्तापासून मोजतात. पूर्वेकडचं अंतर पट्टीच्या मधल्या रेषेपासून, इथे ७५ अंशांपासून, मोजतात. पण त्या रेषेच्या डावीकडे आकडा ऋण होऊ नये म्हणून तिलाच ५ लाख मीटर ही किंमत दिलेली आहे. त्यामुळे अनसिंगचं ईस्टिंग येतं सुमारे ७ लाख ४० हजार मीटर आणि नॉर्दिंग सुमारे २२ लाख मीटर. आणि जिथे दोन्ही आकडे शून्य होतात ती जागा पडते विषुववृत्तावर, मालदीवच्या पश्चिमेला, हिंदी महासागरात.

आता त्या काळ्या स्क्रीनकडे परत यावं. बिंदूंच्या यादीत एखादी ओळ कोरी राहिली आणि ती 'शून्य, शून्य' म्हणून वाचली गेली. किंवा उत्तर दिशेचा बाण, नकाशाची चौकट, एखादा शब्द नकळत आरंभबिंदूवर ठेवला गेला. मग त्या फाईलमध्ये दोनच वस्तू उरतात: एक अनसिंगला आणि एक समुद्रात. दोघांमधलं अंतर सुमारे २,३०० किलोमीटर. 'सगळं दाखव' म्हटल्यावर कॅड इमानाने सगळं दाखवतं. १,०८० ठिपके उंचीच्या स्क्रीनवर २,२०० किलोमीटर उंचीचा प्रदेश मावायचा तर एका ठिपक्यात दोन किलोमीटरहून जास्त जागा कोंबावी लागते. एक हेक्टरचं चौकोनी शेत शंभर मीटर लांब-रुंद असतं. ते त्या ठिपक्याच्या विसाव्या हिश्शाइतकंही भरत नाही.

इलाज सोपा आहे. शेत कुठे आहे हे ठाऊक आहे, तर सरळ तिथेच जावं. झूमच्या आज्ञेत 'सेंटर' हा पर्याय निवडून कोपऱ्यातल्या एखाद्या बिंदूचे ईस्टिंग-नॉर्दिंग लिहायचे आणि उंची म्हणून ५०० द्यायचे. शेत समोर येतं. मग सगळे लेयर चालू करून, सगळ्या वस्तू निवडून, शिफ्टचं बटण दाबून फक्त शेताचा भाग निवडीतून वगळला की उरतात त्या भरकटलेल्या वस्तू. पुसण्याआधी त्या काय आहेत ते तपासावं, कारण त्यांत मोजणीचा एखादा नियंत्रण बिंदूही, म्हणजे जागा पक्की ठाऊक असलेला संदर्भाचा बिंदूही, असू शकतो. इथे एक बारीक खोच आहे. बंद केलेल्या लेयरवरची वस्तू डोळ्यांना दिसत नाही, पण 'सगळं दाखव'च्या हिशेबात ती धरली जाते. गोठवलेल्या, म्हणजे फ्रीझ केलेल्या लेयरवरची मात्र धरली जात नाही. न दिसणाऱ्या वस्तूने स्क्रीन रिकामी केली, असं म्हणूनच पुष्कळदा घडतं.

अशीच आणखी एक चूक यादीतल्या रकान्यांची असते. काही उपकरणं आधी नॉर्दिंग देतात, काही आधी ईस्टिंग. रकान्यांची अदलाबदल झाली तर शेत हजारो किलोमीटर दूर जातंच, शिवाय आरशात पाहिल्यासारखं उलटं होतं. डावीकडचा शेजारी खाली येतो आणि वरचा उजवीकडे. असा नकाशा सापडला की कागदावरच्या जुन्या टिपणाशी ताडून पाहिलं तर चूक लगेच लक्षात येते.

कागद आणि भिंग

नकाशाची जागा आणि त्याचं दिसणं यांची गल्लत होते, कारण आरेखनाची आपली सवय कागदाची आहे. आयटीआयमध्ये आरेखक (स्थापत्य) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आजही आहे, आणि सरकारी खात्यांत अनुरेखक हे पद आहे. मूळ नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तो शाईने गिरवणारा माणूस, हा त्या नावाचा जुना अर्थ. कागदावर रेघ जिथे असते तिथे दिसतेच. ती लहान-मोठी होत नाही.

संगणकावर ती होऊ लागली १९६३ साली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्याने पीएचडीसाठी 'स्केचपॅड' नावाची प्रणाली केली. पडद्यावर प्रकाशलेखणीने चित्र काढायचं आणि खालची बटणं फिरवून ते मोठं-लहान करायचं किंवा सरकवायचं. रेखाटन एका जागी आणि त्याकडे बघण्याची खिडकी दुसऱ्या जागी, ही विभागणी तिथे झाली. डिसेंबर १९८२ मध्ये ऑटोडेस्क कंपनीचं ऑटोकॅड बाजारात आलं आणि ही सोय टेबलावरच्या साध्या संगणकापर्यंत पोचली.

खिडकीची ही कल्पना मनात पक्की झाली की रोजच्या बऱ्याच तक्रारी समजू लागतात. चाक फिरवत फिरवत मागे जावं आणि एका टप्प्यावर चित्र अडून बसावं, 'आणखी मागे जाता येत नाही' असा संदेश यावा, हा त्यातला नेहमीचा प्रकार. कॅड प्रत्येक वेळी मूळ आकड्यांपासून चित्र उभं करत नाही. एकदा केलेल्या हिशेबाची एक तयार प्रत ते जवळ ठेवतं आणि तिच्यातूनच खिडकी हलवतं. ती प्रत संपली की खिडकी अडते. तेव्हा आर, ई, एंटर दाबून 'रीजेन' करायचं, म्हणजे हिशेब नव्याने होतो आणि वाट मोकळी होते. विहिरीचं गोल वर्तुळ जवळ गेल्यावर अष्टकोनी दिसलं, तुटक रेघ सलग दिसू लागली, तरी पहिला उपाय हाच.

चाकाच्या तक्रारी वेगळ्या. चाक दाबून धरल्यावर चित्र सरकायला हवं, पण त्याऐवजी भलताच मेनू उघडतो. तेव्हा 'एमबटनपॅन' या सेटिंगची किंमत ० झालेली असते, ती १ करायची. चाकाच्या एका खटक्यासरशी चित्र फार उडी मारत असेल तर 'झूमफॅक्टर' कमी करायचा. तो मुळात ६० असतो आणि ३ ते १०० यांमध्ये ठेवता येतो. चाक उलट्या दिशेने चालत असेल तर 'झूमव्हील' बदलायचं. नकाशा तिरका दिसू लागला, म्हणजे सरळ जाणारा रस्ता आडवातिडवा झाला, तर नकाशा फिरलेला नसून बहुधा खिडकी फिरलेली असते. 'प्लॅन' आज्ञा देऊन 'वर्ल्ड' निवडलं की उत्तर पुन्हा वर येते.

गावठाणाच्या नकाशाखाली ड्रोनने टिपलेलं छायाचित्र ठेवलेलं असेल तर सरकवणं-मोठं करणं जड होतं. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांचं ड्रोनने मोजमाप होऊ लागलं, तेव्हापासून अशी भली मोठी छायाचित्रं सर्रास हाताळावी लागतात. काम रेघांचं असेल तेवढा वेळ चित्राचा दर्जा 'ड्राफ्ट'वर ठेवावा, किंवा त्याचा लेयर गोठवावा. नवा संगणक घेण्याआधी एवढं करून बघायला पैसे लागत नाहीत.

धुऱ्याला पायऱ्या का पडतात

काही वेळा शेत दिसतं, पण खूप जवळ गेलं की सरळ धुऱ्याला पायऱ्या पडतात. माउस हलवला की रेघ थरथरते. आखणीचं रेषाभरण, म्हणजे हॅच, वेडंवाकडं येतं किंवा येतच नाही. याचं कारण आकड्यांच्या लांबीत आहे.

ग्राफिक्स कार्डातली बरीचशी आकडेमोड ३२ बिटी दशांश संख्यांत चालते. अशा संख्येत जेमतेम सात अंक नीट राहतात. अनसिंगचं नॉर्दिंग २२ लाखांच्या घरातलं, म्हणजे सातही अंक दशांश चिन्हाच्या आधीच संपले. हिशेब केला तर २०,९७,१५२ च्या पुढे अशा दोन लगतच्या संख्यांमध्ये ०.२५ मीटरचं अंतर पडतं. पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. ७ लाख ४० हजारांच्या ईस्टिंगला हेच अंतर सव्वासहा सेंटिमीटर असतं. म्हणून जिथे कॅड आकडे लहान न करता कार्डाकडे पाठवतं, तिथे रेघ उत्तर-दक्षिण वीतभर उड्या मारते.

हे दिसल्यावर घाबरून मोजणीवर संशय घेण्याचं कारण नाही. ऑटोकॅडच्या फाईलमधले आकडे ६४ बिटी असतात. त्यांत एवढ्या मोठ्या नॉर्दिंगलाही लगतच्या संख्यांमधलं अंतर मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहून कमी असतं. कोपऱ्यावर क्लिक करून त्याचे निर्देशक वाचले तर रोव्हरने दिलेलाच आकडा मिळतो. बिघाड चित्रापुरता असतो.

त्यावरचा रस्ता असा: मूळ फाईल हात न लावता बाजूला ठेवायची. तिची प्रत करून त्या प्रतीतलं सगळं रेखाटन एका गोल आकड्याने मागे आणायचं. उदाहरणार्थ, ईस्टिंगमधून ७,४०,००० आणि नॉर्दिंगमधून २२,१०,००० वजा. हे दोन आकडे त्याच नकाशावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायचे. काम झालं की तेवढ्याच आकड्यांनी परत न्यायचं.

खरं नुकसान होतं ते ही पद्धत टाळल्याने. चित्र सापडत नाही किंवा थरथरतं म्हणून कुणीतरी अंदाजाने क्लिक करून शेत आरंभबिंदूजवळ ओढतं आणि त्याच नावाने फाईल साठवतं. स्क्रीनवर सगळं छान दिसतं, पण उपग्रहांनी दिलेली जागा पुसली गेलेली असते. पुढे शेजारच्या गटाची मोजणी झाली, रस्त्याची किंवा कालव्याची आखणी आली, की हा नकाशा कशाशीच जुळत नाही. किमान दोन नियंत्रण बिंदूंचे मूळ आकडे कुठे लिहिलेले असतील तरच तो परत जागेवर नेता येतो. नसतील तर मोजणीचा खर्च पुन्हा शेतकऱ्याच्याच माथी.

७८ अंशांची रेषा

अनसिंगच्या पूर्वेला सुमारे सत्तर किलोमीटरवर ७८ अंशांचं रेखावृत्त आहे. मोजणीच्या इतिहासात त्याला मोठा मान आहे. विल्यम लॅम्ब्टन याने १८०२ मध्ये मद्रासहून सुरू केलेलं त्रिकोणमितीय सर्वेक्षण साधारण याच रेषेला धरून उत्तरेकडे सरकत विदर्भात आलं, आणि जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट इथे लॅम्ब्टनचा मृत्यू झाला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ते काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं. आज हीच रेषा यूटीएमच्या ४३ आणि ४४ क्रमांकांच्या पट्ट्यांमधली सीमा आहे. वाशिम आणि पुसद ४३ मध्ये, तर यवतमाळ आणि नागपूर ४४ मध्ये.

वर्ध्याहून यवतमाळ, पुसदमार्गे नांदेडला जाणारा रेल्वेमार्ग ही सीमा ओलांडतो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गही ती अमरावती जिल्ह्यात ओलांडतो. अशा लांब कामांच्या दोन तुकड्यांच्या फायली, एक ४३ मधली आणि एक ४४ मधली, जशाच्या तशा एकत्र आणल्या तर काय होईल? सीमेवरच्या एकाच दगडाला दोन ईस्टिंग आहेत: ४३ मध्ये सुमारे ८ लाख १३ हजार मीटर आणि ४४ मध्ये सुमारे १ लाख ८७ हजार. एकच दगड स्क्रीनवर सव्वासहाशे किलोमीटर अंतराने दोनदा उमटतो, आणि 'सगळं दाखव' म्हटलं की दोन टोकांना दोन बारीक डाग दिसतात.

त्यातला एक तुकडा नुसता ओढून दुसऱ्याला चिकटवावा असा मोह होतो. पण दोन्ही पट्ट्यांची नकाशावरची उत्तर तिथे एकमेकींपासून सुमारे दोन अंशांनी कललेली आहे. त्यामुळे चिकटवलेला रस्ता किलोमीटरभर पुढे गेल्यावर छत्तीस मीटर बाजूला पडेल. हे काम रूपांतराचं आहे, ओढाओढीचं नाही. क्यूजीआयएससारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही ते करता येतं.

एककांची गडबड याच जातीची. बारा मीटर लांबीच्या घराचा आराखडा मिलिमीटरमध्ये काढलेला असतो, म्हणजे त्या फाईलमध्ये घर १२,००० एकक लांब. शेताचा नकाशा मीटरमध्ये. एककं न जुळवता घर शेतात ठेवलं तर ते बारा किलोमीटर लांब होतं. स्क्रीनभर घर आणि त्यात कुठेतरी शेताचा ठिपका. मोबाइलवरून आलेले अक्षांश-रेखांश तसेच कॅडमध्ये टाकले तर उलटं होतं. शंभर मीटरचा धुरा अंशांत ०.००१ पेक्षाही लहान असतो, आणि शेत मुंगीएवढंही उरत नाही.

गडबडीची शेवटची जागा छपाईची. कॅडमध्ये मूळ रेखाटन मॉडेल स्पेसमध्ये असतं आणि छापायचा कागद लेआउटमध्ये. त्या कागदावर एक चौकट असते, तिच्यातून रेखाटन ठरावीक प्रमाणात दिसतं, जसं १:१०००. त्या चौकटीच्या आत असताना चुकून चाक फिरलं तर प्रमाण बदलतं. कागदावर '१:१०००' छापलेलं राहतं, पण आतलं शेत १:९७० किंवा १:१०४० झालेलं असतं. स्क्रीनवर हे कुणाच्याही नजरेत येत नाही. कळतं ते पट्टी लावून धुरा मोजणाऱ्याला, आणि तोवर भांडण सुरू झालेलं असतं. प्रमाण ठरवलं की चौकटीला कुलूप लावायचं. 'डिस्प्ले लॉक्ड' या रकान्यात 'येस' केलं की झालं.

मोजणीचा नकाशा कॅडमध्ये तयार करून घेणाऱ्या प्रत्येकाने, मग तो शेतकरी असो, ग्रामपंचायत असो की ठेकेदार, आरेखकाकडे चार गोष्टी मागाव्यात: हात न लावलेली मूळ फाईल, दोन नियंत्रण बिंदूंचे आकडे, पट्टीचा क्रमांक आणि एकक. फाईल सोडून बाकीच्या तीन छापील नकाशाच्या कोपऱ्यात एका ओळीत बसतात. अनसिंगच्या शिवारासाठी त्या ओळीची सुरुवात अशी असेल: यूटीएम, झोन (पट्टी) ४३ उत्तर, डब्ल्यूजीएस ८४ हे संदर्भ-प्रारूप, एकक मीटर.